चाळिसावा फॉर्म

माझ्या नातीचं संशोधन अडलं होतं, ते मी एका दुपारी उरकून दिलं! शिकले चौथीपर्यंतच, पण चाळीस बायका गोळा करायला कॉलेज लागत नाही.

ती मानसशास्त्र शिकतेय. विषय काय, तर म्हाताऱ्या बायकांचं एकटेपण! चाळीस जणींनी नाव न घालता फॉर्मवर खुणा करायच्या, वाटलं तर खाली दोन ओळी लिहायच्या, तेही शुक्रवारच्या आत. नाहीतर डिग्री लटकली!

इमारतीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या मी बैठकीत बसवल्या, चहा पाजला आणि एकेक प्रश्न खणखणीत वाचला. ‘घरात तुमचं कोणी ऐकून घेतं का?’

‘कुत्रं विचारत नाही!’ शिंपीणबाई म्हणाल्या.

‘अहो, सून दारात उभी आहे तुमची! आणि माझ्या नातीचा कागद आहे, जरा शोभेल असं सांगा.’

‘मग लिहा, नेहमी ऐकतात.’

लगेच शेजारची फणकारली, ‘माझी सून काय हिच्या सुनेपेक्षा कमी आहे? माझंही नेहमी!’

झालं! लिलावासारख्या बोल्या चढल्या. जिच्या मुलानं दोन वर्षं तोंड दाखवलं नाही, तिनंही ‘मुलगा रोज भेटतो’ वर खूण ठोकली!

मोजले तर एकोणचाळीस. बायका गेल्यावर उरलेला एक मीच स्वयंपाकघरात बसून भरला. समोर कोणी नव्हतं, तोरा मिरवायचा तरी कुणापुढे?

दोन दिवसांनी नात रडत आली. ‘आजी, आमच्या बाईंनी फॉर्म परत केले! म्हणाल्या, हे संशोधन आहे की लग्नपत्रिका? सगळा आनंदीआनंद! तू तिथे बसायचंच नव्हतंस गं. चारचौघांत कोण खरं बोलतं?’

‘चुकलं बाई माझं.’ आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं हो हे!

‘एकच फॉर्म खरा वाटला त्यांना. हा बघ. “घरातले दिवसाकाठी पाच मिनिटं बोलतात, तीही काही सापडेनासं झालं की.” बिचारी! शुक्रवारच्या आत हिची मुलाखत मिळाली, तरच मी वाचले. कोण गं ही?’

अक्षर माझं. पण ते या घरात पाहिलंय कुणी?

‘तासभर नुसतं ऐकायचंय मला तिचं. विचारशील तिला?’

‘विचारते,’ म्हटलं.

उद्या शुक्रवार. विचारून विचारून थकले, पण बाई भारी मानी. कबूलच होत नाही!