हुसेनभाईची मूठ

हुसेनभाई मुलाणी भेटला की रामराम नाही, सलाम नाही. सरळ तुमचा हात धरायचा आणि पंज्यावरची कातडी चिमटीत उचलायचा. मग सोडून देऊन ती किती वेळानं खाली बसते ते बघत राहायचा. "पानी कमी पितोस," किंवा "रातचा जागलाईस," असा निकाल द्यायचा आणि मगच विचारायचा, कसं काय. आमच्या चिखलीत त्याच्या चिमटीतून कोणी सुटलं नव्हतं. एका लग्नात त्यानं नवरदेवाचाच हात धरला आणि भर मांडवात म्हणाला, "पोरगा पंचविशीतला सांगितला व्हता न्हवं? ही चामडी चाळिशीची हाय." लग्न झालं, पण पंगतीत नवऱ्याकडच्या वाढप्यानं मुलाण्याच्या पानावरून बुंदीचं ताट तसंच पुढं नेलं.

पिंपरीला पहिल्या कंपनीच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी दगडू खाटीक. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरच्या भिडेखातर. हुसेनभाईबद्दल गावात अजून भलतंच गोड बोललं जातं, म्हणून म्हटलं आपणच खरं काय ते लिहावं.

आमच्याकडं जत्रेत बोकड पडायचं तेव्हा सुरी मुलाणी फिरवायचा. देव आमचा, बोकड आमचं, पण हुसेनभाईच्या तोंडून बिस्मिल्ला निघाल्याशिवाय त्या मटणाला कोणी हात लावायचं नाही. पूर्वापार चालत आलेलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढचं काम खाटकाचं. सोलणं आमचं. मानाचं बोकड माझा बाप सोलायचा आणि त्याचं कातडं देवळातल्या डफावर चढायचं, म्हणून त्याला भोक पडून चालायचं नाही. बाप वारला तेव्हा मी एवढासा होतो. पाटील म्हणाले, "यंदापुरतं हुसेन सोलंल." त्यांचं ते यंदा काही संपेना. मला मिशा फुटल्या, लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी मानाचं बोकड हुसेनभाईच सोलतोय आणि मी गर्दीत उभा राहून बघतोय.

बघण्यासारखंच असायचं, तेच तर दुखणं. बोकडाच्या मागच्या पायाला बारीक छेद द्यायचा, तिथं तोंड लावायचा आणि फुंकायचा. कातडी अंगापासून सुटून फुगायची. मग सुरी बाजूला ठेवून नुसती मूठ आत घालायचा. कातडीच्या आतल्या अंगाला पांढरी जाळी असते, कोळिष्टकासारखी. तिच्याखाली मांसावर एक पातळ पापुद्रा असतो. मूठ जायला पाहिजे ती या दोन्हींच्या मधून. वर गेली तर कातडं फाटतं, खाली गेली तर मांस कातड्याला चिकटून येतं. हुसेनभाईची मूठ त्या मधल्या वाटेनं अशी सरकायची, जशी आई झोपलेल्या पोराच्या अंगातून ओला सदरा काढते. कुशीपाशी कातडी कागदासारखी पातळ होते, तिथंही त्याचा हात अडायचा नाही.

"फाडायचं न्हाई, सोडवायचं," हे त्याचं पालुपद. बोकडालाही तेच आणि माणसालाही तेच. दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले तरी मधे जाऊन म्हणायचा, "फाडायचं न्हाई रं, सोडवायचं." त्याला हे कोणी विचारलेलं नसायचं.

घरी तो आणि एक कोंबडी. बायको अमीना ऐन तिशीत तापानं गेली, पोरबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यानं केलं नाही. ती कोंबडी म्हणजे अमीनानं पाळलेल्या कोंबडीचं पिल्लू, म्हणून तिला कापायचं नाही. मुलाण्याच्या घरात म्हातारपणानं मेलेली कोंबडी मी तेवढीच एक पाहिली. तिचं अंडं हातात घेऊन हा ओट्यावर बसायचा आणि नखानं वरचं कवच टिचून टिचून काढायचा. आतलं पांढरं आवरण जसंच्या तसं. मग ते लुळं अंडं उन्हात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "बघ, कपडे काढले, पन लाज ऱ्हाईली."

मी घरी करून बघितलं. सगळी अंडी फुटली. आमची सखू म्हणाली, "अंडी नासवण्यापरीस हुसेनभाईंकडनं शिका की. त्यांनी सोलल्याल्या मटनात एक केस सापडत न्हाई."

"आन माझ्या?"

"तुमच्या मटनाची वेनी घालावी लागती."

खाटकाच्या बायकोनं हे बोलावं! त्या दिवशी मी ठरवलं, यंदा मानाचं बोकड मी सोलणार. पाटलांच्या दारात रोज जाऊन बसायला लागलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "सोल बाबा, पन डफाचं कातडं गेलं तर तुझंच चढवू."

प्रश्न फुंकीचा होता. हुसेनभाईची छाती भात्यासारखी, माझी बिडीनं गेलेली. पण माझा मेव्हणा पिंपरीच्या कंपनीच्या बांधकामावर लागला होता आणि त्यानं नवी सायकल घेतली होती. सायकलीबरोबर पंप होता. म्हटलं, हुसेनभाई, तुझे दिवस भरले.

जत्रेला हुसेनभाईनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, पुसली आणि मुकाट बाजूला झाला. बोकड लिंबाला टांगलं. मी पंप काढला तेव्हा गाव असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. पण दोनचार दट्टे मारले आणि हसणं थांबलं. बोकड फुगायला लागलं. "मार दगडू! आनखी मार!" लोकांना चेव आला, मलाही आला. पोट फुगलं, मान फुगली, कानसुद्धा ताठ उभे राहिले. बोकड मेलेलं होतं तरी पुढचे लोक मागं सरले.

आता पंपाचं वायसर खराब होतं हे मेव्हण्यानं मला सांगायला पाहिजे होतं. हवा धक्क्याधक्क्यानं गेली आणि भलत्याच पदरात शिरली. जाळीखाली जायची ती पापुद्र्याखाली गेली. मी मूठ आत घातली तर कातडीबरोबर मांसाच्या चिंध्या निघायला लागल्या. तरी दामटत कुशीपर्यंत आलो आणि तिथं अडकलो. कातडी इतकी ताणलेली की पलीकडून माझी बोटं दिसत होती. अजून एक हिसका आणि भोक. कोपरापर्यंत हात आत, वर घामाची धार, आणि भोवती सगळं गाव. बापानं मिळवलेलं ते मी सगळ्यांदेखत घालवणार होतो, आणि हुसेनभाई समोर उभा राहून बघत होता.

तो पुढं आला. मोठ्यानं म्हणाला, "बोकड लई हलतंय. धरतो मी, तू सोल." आणि पलीकडच्या बाजूनं खाली बसला. बोकड धरलं ते डाव्या हातानं. उजवा कुठं गेला ते गर्दीला दिसलं नाही. मला कळलं, कारण कातडीच्या आत एक मूठ माझ्या मुठीला येऊन भिडली.

"ढिली सोड," तो ओठ न हलवता म्हणाला. "बोटं मिट. आता माझ्या मागनं ये."

त्याच्या हातामागून माझा हात गेला. कुशीची कातडी कुरकुर न करता सुटली, मग फासळ्यांवरची, मग खांद्याची. एक टवका नाही, भोक नाही. गावाला दिसलं ते एवढंच, की दगडू सोलतोय आणि मुलाणी बोकड धरून बसलाय. हुसेनभाईच ओरडला, "निघालं रं! खाटकाच्या पोरानं काढलं!" डफ वाजला. सखू बायकांत उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मला तेव्हाही राग आला. माझा मानसुद्धा यानंच काढून द्यावा! मी हात ओढायला गेलो, तर तो सुटेना. आत, त्या उबदार कातडीखाली, हुसेनभाईनं माझी मूठ धरून ठेवली होती. दाबत नव्हता, नुसती धरली होती. मान खाली.

"ऱ्हाऊ दे जरा," तो म्हणाला. "अमीना गेल्यापासनं एवढा येळ कुनी हात दिला न्हाई बघ. धरला की समदे काढूनच घेत्यात."

मी मूठ तशीच त्याच्या हातात राहू दिली.

"ए दगडू!" पाटील ओरडले. "सुटलं की समदं! आत काय हुडकतोस आता?"

"थांबा की वाईच," मी म्हणालो. "आजून जरा चिकटल्यालं हाय."