इथे फुकट ऐकलं जाईल

तरुण मुलांपर्यंत प्रभूचं वचन पोहोचवण्यात माझा हात धरणारा दुसरा पाळक नाही, असं मी मंडळीच्या समितीला ठणकावून सांगितलं. समितीने शांतपणे हजेरीपट उघडला. विद्यापीठातल्या आमच्या छोट्या उपासना-खोलीत दर रविवारी तीन विद्यार्थी येत. एक माझी भाची, दुसरा कीबोर्ड वाजवणारा, आणि तिसरा केवळ तिथला पंखा चांगला म्हणून. सत्र संपेपर्यंत दहा झाले नाहीत तर खोली सोडायची, असं ठरलं. अकरा वर्षं ती खोली मी स्वतः झाडली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन दिवस सुतकी चेहऱ्याने फिरलो. तिसऱ्या दिवशी कल्पना सुचली. पत्रकं कोणी वाचत नाही, प्रवचनाला कोणी थांबत नाही, मग आपणच ऐकायचं! ऐकता ऐकता हळूच येशूचा विषय काढायचा. ग्रंथालयाबाहेर टेबल टाकलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि फलक लावला : ‘मनातलं बोला. इथे फुकट ऐकलं जाईल.’

"हा फलक आधी घरात लावा," बायको म्हणाली.

पहिला मुलगा आला तो वसतिगृहाच्या गिझरबद्दल बोलला. पाऊण तास! त्याच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून मी सगळं वहीत टिपून घेतलं. तिथेच माझं चुकलं. वही पाहून दुसऱ्या दिवशी सात जण आले.

"लिफ्ट बंद आहे, लिहा," एकीने सांगितलं.

"बाळ, मी पाळक आहे."

"चालेल. तारीखपण टाका."

आणि नेमका त्याच आठवड्यात गिझर दुरुस्त झाला. मिस्त्री त्याच्या ठरलेल्या फेरीला आला होता, पण माझं कोण ऐकतो! रांग जिन्यापर्यंत गेली. मुलांनी आपापसात चिठ्ठ्यांवर नंबर घातले. येशूचं नाव ओठांवर यायचं आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "काका, आवरा, तास आहे!" दर संध्याकाळी मी गुडघे टेकून प्रामाणिकपणे लिफ्ट, नळ आणि निकालाच्या चुकांसाठी प्रार्थना करत होतो. माझ्या जन्मात इतकी कोरडी प्रार्थना मी केली नव्हती.

मग कुलसचिवांनी बोलावलं. एकशे बारा तक्रारींची वही त्यांनी मन लावून वाचली.

"कमाल केलीत. तक्रारींसाठी एक स्वतंत्र खोली हवीच होती," ते म्हणाले. "तुमची ती रविवारची खोली घेतो. तशीही रिकामीच असते."

सत्र संपायचीही वाट पाहावी लागली नाही.

टेबल उचलायला गेलो तेव्हा रांग नव्हती. सगळे नव्या तक्रार कक्षासमोर, म्हणजे आमच्याच जुन्या खोलीसमोर, उभे होते. मी नकळत बोलणाऱ्याच्या खुर्चीत मटकन बसलो. तेवढ्यात एक मुलगी आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"बोला काका," ती म्हणाली. "फलक वाचला मी. काय झालं?"

आणि मी बोललो. खोली, समिती, गुडघेदुखी, अकरा वर्षं, कोणालाच आपण नको आहोत असं वाटणं, सगळं. डोळे पुसायला तिने रुमाल दिला. येशूचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नाही, हे ती उठल्यावर माझ्या लक्षात आलं.

"तुमचं रविवारी काहीतरी असतं ना? मी येईन," ती म्हणाली. "तुम्हाला गरज दिसतेय."

रविवारी आम्ही त्याच टेबलाभोवती उपासना केली. पंख्याशिवायही तिसरा आला होता, आणि ती धरून चार झाले. समितीला मी अहवाल पाठवला : ‘नव्या प्रयोगामुळे उपस्थितीत तेहतीस टक्के वाढ.’ त्या प्रयोगात श्रद्धा नेमकी कोणाची सावरली, ते मात्र लिहिलं नाही.