पुढची सीट

सहलीच्या आदल्या संध्याकाळी नकाशेरावांची कंबर धरली. भूमापन कार्यालयात नकाशे काढता काढता त्यांना हे नाव पडलं होतं. कंबरेला काहीही झालेलं नाही, हे कुठल्याही डॉक्टरने दोन मिनिटांत सांगितलं असतं. म्हणून त्यांनी डॉक्टरला विचारलंच नाही.

चार मित्र दरवर्षी गाडीने लांब जात आणि पुढची सीट पंधरा वर्षं नकाशेरावांची होती. यंदा पाच राज्यं, अकरा दिवस असा बेत ठरला आणि गाडी ज्याची व चालवणाराही जो, त्या गॅरेजवाल्याने नवा नियम काढला. राज्य बदललं की सीट बदलायची. कंबर पुढे केली की हा नियम गुंडाळला जाईल, असा नकाशेरावांचा हिशेब होता.

"कंबर धरलीय रे," ते फोनवर कण्हले. "मागे बसणं काही जमायचं नाही."

"अरेरे! मग पडून राहा तू," गॅरेजवाला म्हणाला. "तुझ्या जागी तुझा मेहुणा येतो म्हणतोय. बॅग भरूनच बसलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. पाहुणा म्हणून पहिल्या राज्याचा मान मेहुण्याला मिळाला होता. पाय डॅशबोर्डवर, डोळ्यांवर नकाशेरावांचा गॉगल. खाली चौघांतल्या दातांच्या डॉक्टरने लिहिलं होतं, "हा बरा. घोरत नाही."

"माझा गॉगल!" नकाशेराव ताडकन उठून बसले.

"कंबर," बायकोने पेपरातून डोकं न काढता आठवण केली. ते पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या राज्यात पुढे डॉक्टर बसला, तिसऱ्यात चौथा मित्र, बेकरीवाला. ते नकाशेरावांनी कसंबसं गिळलं. पण चौथं राज्य सगळ्यात मोठं, तीन दिवसांचं, निम्मा रस्ता समुद्राकाठचा. आणि पाळी पुन्हा मेहुण्याची! नकाशेराव स्टुलावर चढले आणि कपाटावरची नकाशांची गुंडाळी त्यांनी खाली काढली.

"वर कसे चढलात?" बायको दारात उभी होती.

"हळूहळू."

हमरस्त्याने गेलं तर राज्याची हद्द एकदाच लागत होती. पण नदीकाठाने एक जुना रस्ता होता. तिथे नदी हीच हद्द, आणि रस्ता पाच पुलांवरून या काठावरून त्या काठावर जात होता. पाच पूल म्हणजे पाच वेळा राज्य बदलणार, पाच वेळा सीट बदलणार. नकाशेरावांनी बोटांवर मोजलं. पाचव्या पुलानंतर पुढे डॉक्टर आणि मेहुणा मागे, थेट तीन दिवस.

"हमरस्ता सोडा," त्यांनी फोन करून सांगितलं. "नदीकाठाने जा. बघत राहाल."

"स्वतः अंथरुणात आणि काळजी आमची!" बेकरीवाला गहिवरून म्हणाला.

दुपारभर एकेका पुलाचे फोटो येत राहिले. पाचव्या पुलावर डॉक्टर पुढे बसलेला दिसला, तेव्हा नकाशेरावांनी बायकोकडे चहा मागितला. कपही त्यांनी स्वतःच उचलून आणला. पहिला घोट घेतात तोच फोन वाजला. "सहावा पूल!"

त्यांनी नकाशा उलटून पाहिला. कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली त्यांचीच सही. एवढ्या वर्षांत रस्ता पुढे वाढला होता आणि त्यावर आणखी दोन पूल झाले होते. सातव्या पुलावरच्या फोटोत पाय पुन्हा डॅशबोर्डवर होते.

संध्याकाळी चौघेही फोनवर एकदम बोलत होते.

"काय रस्ता दिलास रे!" डॉक्टर ओरडला. "प्रत्येक पुलावर उतरायचं, पाण्यात पाय सोडायचे, मग सीट बदलायची. पंधरा वर्षांत अशी मजा नाही आली."

"गाडीत असलास की नुसतं 'काच वर करा, काच वर करा'," गॅरेजवाला म्हणाला. "लांबून काय छान सांगतोस!"

"भाऊजी, तुम्ही घरी राहिलात ते फार बरं केलंत," मेहुणा म्हणाला. अगदी मनापासून.

बाराव्या दिवशी बेल वाजली. दारात गॅरेजवाला आणि मेहुणा घामाघूम होऊन उभे होते. दोघांच्या हातांत गाडीची पुढची सीट होती, पट्ट्यासकट लोखंडी पायांवर पक्की बसवलेली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन ठेवली.

"आमचं ठरलंय," गॅरेजवाला म्हणाला. "दरवर्षी तू इथून रस्ता सांगायचा. पंधरा वर्षांची तुझी सीट, ती तुलाच. दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसवणं मनाला पटेना."

"आणि गाडीत?"

"नवी टाकली. मेहुण्याच्या मापाची."

नकाशेराव उठून उभे राहिले. "अरे, पण माझी कंबर तर..."

"कंबरेचं काय?" बायकोने विचारलं. पेपर तिने बाजूला ठेवला होता.

गॅरेजवाला बघत होता. मेहुणा बघत होता. गॉगल अजून त्याच्याच डोक्यावर होता.

"अजून जरा दुखते," नकाशेराव म्हणाले आणि सीटवर बसले.

"वाकू नका, भाऊजी, मी लावतो," असं म्हणत मेहुण्याने सीटचा पट्टा ओढला आणि खट्‌कन लावून टाकला.