शंभर मुगवड्या आणि दशांशाची बेरीज

मी एकदा ठरवलं की ठरवलं. (आमच्या ऑफिसात हे कोणाला पटत नाही. तिथे माझ्या टेबलावर फाइली पिकत पडतात.) पण त्या रविवारी मी खरंच ठरवलं, की प्रतीक्षाला दशांशाची बेरीज शिकवल्याशिवाय जेवायचं नाही.

कारणही तसंच होतं. आमची प्रतीक्षा पाचवीत. त्याआधीच्या आठवड्यात मॅडमनी तिला फळ्यापाशी उभं केलं, तिला काही सांगता आलं नाही आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडली. "मी सोमवारी शाळेत जातच नाई," म्हणाली. सोमवारी पुन्हा तिचीच पाळी होती. शंभर चौकोनांची जाळी काढायची, त्यात ०.४ आणि ०.३५ रंगवायचे आणि बेरीज वर्गाला समजावून सांगायची. तिचा तो रडवेला चेहरा मला पाहवत नव्हता.

जाळी मी तीनदा काढली. पहिल्यांदा चौकोन नव्वद भरले, दुसऱ्यांदा एकशे दहा. तिसऱ्यांदा पट्टी मोडली. (पट्टी जुनी होती.) शेवटी उजेड बरा म्हणून आम्ही गच्चीवर गेलो, तर समोर जाळी तयार!

माझ्या सासूबाई, पार्बताबाई, अकोटहून आल्या होत्या. माझ्या मेहुणीच्या मुलीचं, नीलमचं, लग्न ठरलेलं. तिच्या रुखवतासाठी त्यांनी सकाळीच मुगवड्या घातल्या होत्या. सासूबाईंचा जन्म बाजारात मेथीच्या जुड्या दहा-दहाने मांडण्यात गेलेला. वड्याही तशाच घातलेल्या. पांढऱ्या धोतरावर दहा ओळी आणि एकेका ओळीत दहा वड्या.

"हे पूर्ण धोतर म्हणजे एक," मी म्हणालो. "आता रंगवू."

"आई मारंन, बाबा."

"कोणाला?"

"तुमाले."

पण मी मागे हटणारा नव्हतो. वड्या खायच्या आहेत एवढं भान मला होतं, म्हणून लाल रंगासाठी तिखट आणलं आणि पिवळ्यासाठी हळद. ०.४ साठी वरच्या चार वड्यांवर तिखट टाकलं. ०.३५ साठी खालून पस्तीस वड्यांवर हळद.

"एकोणचाळीस! म्हणजे ०.३९," मी जाहीर केलं.

"पण पुस्तकात मांगं ०.७५ हाय."

"छापणाऱ्याची चूक."

एवढ्यात सासूबाई वड्या पाहायला वर आल्या आणि जिन्यातच थबकल्या.

"जवाईबुवा, काय करून राहिले तुमी?"

"दशांश शिकवतोय, आई. हे शून्य पॉइंट चार."

"म्हंजे काय?"

"एकाचे दहा सारखे भाग केले, की त्यातले चार."

सासूबाईंनी धोतराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुरं धोतर एक न? मंग त्याचे धा भाग म्हंजे धा ओळी. त्यातल्या चार ओळी पायजेत. तुमी चारच वड्या काहून रंगवल्या?"

मी बोटाने ओळी मोजू लागलो.

"म्हंजे चाळीस!" प्रतीक्षा ओरडली. "चाळीस अन् पस्तीस, पंच्याहत्तर! बाबा, समजलं मले!"

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण काम अर्धवट सोडायचं नाही हा माझा निश्चय होता. सासूबाई "अवो, अवो" करेपर्यंत मी उरलेल्या छत्तीस वड्यांवर तिखट टाकून मोकळा झालो. वर मान केली, तर दारात साधना, म्हणजे आमची सौभाग्यवती.

"रुखवताच्या वड्याइवर तिखट आन् हळद?"

"सगळ्यांवर नाही. फक्त पंच्याहत्तर शतांशांवर," मी म्हणालो. (अचूक उत्तर देण्याची ती वेळ नव्हती.)

त्या दिवशी डाळ मी भिजवली, मीच वाटली आणि सासूबाईंच्या नजरेखाली नव्या शंभर वड्या मीच घातल्या. नंतर आठवडाभर घरात तिखट वड्यांचीच भाजी होती.

पण सोमवारी प्रतीक्षा उड्या मारत घरी आली. कागदावर शंभर वड्या काढून तिने सगळ्या वर्गाला बेरीज समजावली होती आणि मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"माझं नाव सांगितलंस का?"

"सांगतलं न! तुमी आंधी चारच रंगवल्या, थेबी सांगतलं."

परवा तिचा घटक चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला. तिसरा प्रश्न असा होता: 'प्रतीक्षाच्या बाबांनी ०.४ आणि ०.३५ यांची बेरीज ०.३९ केली. त्यांची चूक शोधा. (गुण २)'

वर्गातल्या झाडून सगळ्यांना दोन्ही गुण मिळाले.