बोलका काटा आणि वर्गाची सरासरी

शरीरात जाणारी ऊर्जा आणि शरीराकडून खर्च होणारी ऊर्जा सारखी असेल, तर वजन स्थिर राहते. हा नियम मनुष्यप्राण्याला लागू आहे. शाळेच्या कार्यालयाला नाही. तेथे रोज परिपत्रके आत येतात, बाहेर काहीच पडत नाही आणि कपाटाचे दार लागेनासे होते.

त्या सकाळी विज्ञानाच्या बाई नेहमीप्रमाणे सर्वांआधी प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या, गळका नळ घट्ट बंद केला (तो गळतच राहिला), परीक्षानळ्या धुऊन पालथ्या घातल्या आणि प्रत्येक टाचणीच्या टोकावर एकेक शेंगदाणा खोचला. परिपत्रकाने आलेल्या 'कृतीतून ऊर्जा-संतुलन' या उपक्रमाचा तो पहिला दिवस होता. शेंगदाणा पेटवायचा, त्याच्या ज्योतीवर नळीतले पाणी तापवायचे आणि अन्नात ऊर्जा असते हे सिद्ध करायचे. मुलांनी ते मन लावून सिद्ध केले. निम्म्या शेंगदाण्यांनी पाण्याला ऊर्जा दिली, उरलेल्या निम्म्यांनी मुलांना.

शास्त्रीय परिभाषा विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुजावी, अशीही परिपत्रकाची अपेक्षा होती. एरवी अशा गोष्टींना वर्षे लागतात. या वर्गाने ते काम मधल्या सुट्टीआधीच उरकले: तिसऱ्या बाकावरच्या, अंगाने भरलेल्या मुलीचे नाव त्यांनी 'कॅलरी' ठेवले. सुट्टीत त्या मुलीने डबा उघडला नाही. एका दिवसात एवढा परिणाम साधणारा उपक्रम शिक्षणक्षेत्रात विरळाच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याचे वजन करून वर्गाची सरासरी वर कळवायची होती. त्यासाठी मुख्याध्यापकांनी बोलका काटा मागवला होता. त्यावर उभे राहिले की आतून एक बाई खणखणीत आवाजात वजन सांगते. पहिल्याच दिवशी दुपारी सरांनी कार्यालयात त्याचे उद्घाटन स्वतः वर उभे राहून केले. काट्यातल्या बाईने जे सांगितले ते कारकुनाने, शिपायाने आणि दारात ताटकळलेल्या दोन पालकांनी ऐकले. सरांनी बूट काढून पाहिले, मग खिशातल्या किल्ल्या, मग चष्मा. अखेर, हे यंत्र मुलांसाठी बनवलेले असून मोठ्यांच्या बाबतीत गोंधळते, असा निष्कर्ष निघाला. कारकुनाने त्याला तत्काळ दुजोरा दिला. (कारकुनाची रजा मंजूर व्हायची होती.)

शाळा सुटताना ती मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या मी नाही आले तर चालेल?"

"का गं?"

"पोट दुखणार आहे."

"उद्या?"

"हो. वजनाच्या तासाला."

इतके नेमके निदान भल्याभल्या डॉक्टरांना जमत नाही. परवाही दुखेल का, असे बाईंनी विचारले. मुलं उद्या काय म्हणतात त्यावर ते आहे, असे उत्तर मिळाले.

"तू ये," बाई म्हणाल्या. "कुणाचं वजन कुणाला कळणार नाही, एवढं मी बघते."

बाई तडक सरांकडे गेल्या आणि पडद्याआड वजने घेण्याची परवानगी मागितली. सरांनी समजावले की उपक्रमाचा पाया पारदर्शकता हा आहे, आणि पडदा पारदर्शक नसतो.

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. आकडा तो आकडा, त्यात लाजायचं काय?"

"मग दुपारचा तुमचा आकडा फळ्यावर लिहू का, सर? मुलांपुढे उदाहरण राहील."

सरांनी पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले की वर फक्त सरासरी मागितली आहे. ती कशी काढायची ते बाईंनी पाहावे, भानगड मात्र नको.

दुसऱ्या दिवशी बोलका काटा खोक्यातच राहिला. बाईंनी शिपायाला हाताशी धरून भांडारातला, पोती मोजायचा मोठा काटा वर्गात आणवला. मुले टोळीटोळीने, एकमेकांना धरून त्यावर चढली, आणि प्रत्येक टोळीबरोबर बाईही चढल्या. सरासरीला बेरीज पुरते. बेरजेत कोण किती, हे विचारायची पद्धत नाही.

एका हुशार मुलाने हरकत घेतली की तुमचं वजन वजा करायला हवं.

"कर की," बाई म्हणाल्या. "आधी ओळख, किती आहे."

उरलेला तास वर्गाने या संशोधनात घालवला. अंदाज दप्तरापासून म्हशीपर्यंत गेले. सर्वांत मोठा आकडा तिसऱ्या बाकावरून आला, आणि तो सांगताना ती मुलगी हसली. शाळा सुटेपर्यंत 'कॅलरी' हे नाव बाईंच्या खाती वर्ग झाले होते. बाईंनी ते विनातक्रार स्वीकारले.

सरासरी बाईंसकट वर गेली. वर्ग सुदृढ असल्याबद्दल अभिनंदनाचे पत्र आले, ते सरांनी चौकटीत बसवले.

त्या मुलीचे वजन या कथेत कोठेही दिलेले नाही. वाचकांनी त्याचा अंदाज केव्हाच बांधला असेल, याविषयी शंका नाही. तो ताडून पाहायची इच्छा असल्यास बोलका काटा कार्यालयात पडून आहे. मात्र आधी स्वतः वर उभे राहावे लागते, आणि कार्यालयाचे दार उघडेच असते.