रक्त का वळण, एकच सांगा

नागनाथआप्पांकडे पोराचा शाळेचा ड्रेस शिवायला टाकायचा असेल तर पोराबरोबर बापालाही जावं लागतं. पोरगं एकटं आलं तर आप्पा त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवून परत पाठवतात. आई घेऊन आली तर तिला स्टूल देतात, पाणी विचारतात आणि म्हणतात, "माप घेतो की. पर ह्याचा बाप कुटं हाय?" बाप कामावर असेल तर मामा चालतो. मामाही नसेल तर मोबाइलमधला फोटो. पण घरचं कुणीतरी वडीलधारं डोळ्यांखालून गेल्याशिवाय आप्पांच्या गळ्यातली टेप खाली उतरत नाही.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर आमचं बिऱ्हाड. त्यामुळे हा तमाशा मी फुकटात बघत आलोय. बाप समोर आला की आप्पा त्याला पाठमोरा उभा करतात, दोन पावलं मागे सरतात आणि सुरू होतात. "मान आखूड. ही तुमची. खांदं उतरतं, ती बी तुमचीच कृपा. पोट पोराला अजून न्हाय, पर येणार. कंबरंला आत जरा कापड सोडून ठिवतो." बाप बिचारा पोट आत ओढून भिंतीकडे बघत उभा. मग पोराचं माप. पोरगं माप देताना चुळबुळ करायला लागलं की आप्पा मान वर करून माझ्या गॅलरीकडे बघतात आणि ओरडतात, "सर, ह्ये हलणं रक्त का वळण? एकच सांगा!"

मला विचारतात, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो.

एकदा एका मुलाबरोबर खाकी शर्टातला एक गृहस्थ आला. आप्पांनी त्याला वळवला, फिरवला, हनुवटी धरून वर केली. तो काहीतरी सांगायला बघत होता, तर "हलू नका" म्हणून गप्प केला. "सर, खाली या, कान बघा! बापाचं कान काढून पोराला लावल्यागत!" मी खाली आलो. कान खरोखर तसेच होते. सगळं उरकल्यावर तो माणूस म्हणाला, "काका, मी रिक्षावाला हाय. मॅडमनी सोडायला सांगितलं म्हणून आलो की."

आप्पांनी त्या संध्याकाळी लवकरच शटर ओढलं. सकाळी मी शाळेला निघालो तर अर्ध्या उघडलेल्या शटरखालून डोकं बाहेर आलं. "सर, रोज त्याच रिक्षात बसतंय पोरगं. संगतीनं कान येत असतील का?"

"कान नाही येत हो संगतीनं."

"मंग आलं कसं?"

मी शाळेत गेलो आणि दिवसभर मुलांचे कान बघत बसलो.

वर्गात मला ह्या विषयाची कधी अडचण येत नाही. फळ्यावर उंच वाटाणा काढतो, बुटका वाटाणा काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि विषय मिटतो. आप्पा उतरवून घेत नाहीत. सुरुवातीला मी त्यांना खरं तेच सांगायचो, "दोन्ही असतं, आप्पा. थोडं रक्त, थोडं वळण."

"दोन्ही ह्ये काय उत्तर झालं का? गिऱ्हाईकानं इचारलं, शर्ट कवा देणार, तर मी आज बी आन उद्या बी म्हणतो व्हय?"

मग मी त्यांच्या धंद्यातला दाखला काढला. म्हटलं, कापड आईबापांकडून येतं आणि शिलाई घरात होते, दोन्ही मिळून शर्ट तयार होतो. शिंप्याला हे पटायला हरकत नव्हती. आप्पांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "मंग शर्ट बिघडला की लोक एकट्या शिंप्याच्याच नावानं का बोंबलत्यात?"

तेव्हापासून माझा स्वतःचाच घोळ सुरू झाला. आमची मुलगी छान गाते. मी गायला लागलो तर घरचे मला थांबवतात, आणि बायको तर आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवते. गळा आला कुठून? मी आप्पांना विचारलं नाही. त्यांनी तिच्यासाठी रिक्षावाला शोधला असता.

आता आप्पांना हा नाद का लागला, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही सांगून टाकतो. आप्पा लहान असतानाच आईवडील गेले. थोरल्या भावानं, म्हणजे वैराग गावच्या दादांनी, त्यांना सांभाळलं, सोलापुरात एका शिंप्याकडे शिकायला ठेवलं, लग्न लावून दिलं. दादांचं वैरागला खत-बियाणाचं दुकान. त्यांना आणि वहिनींना मूल झालं नाही. आप्पांना पहिला महेश झाला, मग सुदर्शन. कमलकाकूंशी, म्हणजे बायकोशी, आधीच बोलणं झालं होतं. सुदर्शनच्या बारशाला आप्पांनी पाळण्यातलं मूल उचललं, वहिनींच्या ओटीत घातलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "आजपासनं मी ह्याचा काका." कुणी त्यांना तसं म्हणायला लावलं नव्हतं.

तो शब्द आप्पांनी पाळला. सुदर्शनलाही कळत्या वयात सगळं समजलं, पण तोही काकाच म्हणत आला. सोलापूरला यायचा तो वहिनींचं बोट धरून आणि जायचाही तसाच. पुढे बोट सुटलं, पण वहिनी बरोबर असायच्याच. एखाद्यानं सहज "पोरगं कुणावर गेलंय हो?" म्हटलं तरी त्या पाण्याला उठून जायच्या.

तर असा हा प्रश्न आहे. रक्त असेल तर सुदर्शन अजून थोडा तरी आप्पांचा, आणि वळण असेल तर तो पुरता वैरागचा.

कमलकाकूंना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मी इचारत न्हाय, सर. म्हणून मला झोप लागती."

वैरागहून फोन आला की आप्पा निकाल देत. आधी मला वाटायचं, चांगलं ते आपलं रक्त आणि वाईट ते तिकडचं वळण, असा सोपा हिशोब असणार. तसंही नव्हतं. सुदर्शन मारामारी करून डोकं फोडून घेऊन आला, तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. "रक्त! मी बी दोनदा फोडून घेतलंय. ह्ये बघा हितं." बारावीला त्याला चांगले मार्क पडले, तर गंभीरपणे म्हणाले, "वळण. वैनीनं पहाटं उठवलं असणार. आमच्यात अभ्यास कुटला?" पुढच्या महिन्यात तो कॉलेजच्या मास्तरांना उलट बोलला, ते वळण; दादा लाड करतात. भजनात पेटी वाजवली, ते रक्त; आप्पांचा आजा वाजवायचा. महेश इथे आप्पांच्या नजरेखाली वाढला, तर त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. पुण्याला नोकरी करतो, बटण तुटलं की शर्ट टाकून देतो. त्याचं नाव निघालं की आप्पा मशीनला तेल द्यायला लागतात.

एक दिवस मीच वैतागून म्हणालो, "आप्पा, तुमचा आजा तो दादांचाही आजाच की. तुमचं दादांचं रक्त बरंचसं एकच. पोरात जे दिसलं ते तुमच्याकडून आलं का दादांकडे बघून आलं, हे कुणाच्या बापाला कळणार?"

आप्पांची कात्री थांबली. "म्हंजे परक्याला दिला असता तर कळलं असतं, म्हणा की."

बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. कापड बाजूला सारून शटरपर्यंत गेले, परत आले. "नगं. न्हाई कळलं तरी चालंल." मला वाटलं, मिटला एकदाचा विषय. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरखालून डोकं बाहेर. "सर, शिंक मोठ्यानं येणं रक्त का वळण?"

गेल्या वर्षी सुदर्शनचं लग्न ठरलं. मुलगी मोहोळकडची. बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी जीप करून सोलापुरात आली. बस्ता म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एका बैठकीत घ्यायचे. शालूपासून मानपानाच्या टोप्या-टॉवेलपर्यंत सगळे नग एकदम. माणूस सकाळी दुकानात शिरतो आणि दिवेलागणीला बाहेर येतो. "शिकलेला माणूस असू द्या संगट," म्हणून आप्पांनी मलाही ओढून नेलं. कमलकाकू आल्या नाहीत. सगळ्यांच्या जेवणाचं बघते म्हणाल्या.

दुकानात पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. वहिनी आणि व्याह्यांकडच्या बायका शालू निवडत होत्या. दादा भिंतीला टेकून पेंगत होते. नवरदेवाच्या कपड्यांचं आप्पांकडे आलं होतं. ते गादीच्या एका टोकाला बसले होते, सुदर्शन दुसऱ्या टोकाला, आणि मधे मुलीची आत्या. मी समोर. ह्या आत्याबाई आदल्या दिवशीच पुण्याहून आल्या होत्या. व्याह्यांकडच्या मोठ्या माणसांना दत्तकाचं ठाऊक होतं, ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पांची एक सवय मी अजून तुम्हाला सांगितलेली नाही. कापड पसंत करताना ते आधी कोपरा मुठीत चुरगळतात, मग मूठ नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगतात. कापडाला खळ, म्हणजे कांजी, किती आहे ते वासावर कळतं म्हणतात. दुकानदारानं एक तागा उलगडला. आप्पांनी आपल्याकडचा कोपरा धरला, चुरगळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. आणि त्याच ताग्याचं दुसरं टोक सुदर्शननं मुठीत चुरगळलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

दोघांनाही एकमेकांचं दिसत नव्हतं. आत्याबाईंना दोघांचंही दिसलं.

"अगं बाई!" त्या टाळी वाजवून ओरडल्या. "नवरदेव तर हुबेहूब काकावर गेलेत की!"

शालू दाखवणाऱ्या माणसाचा हात वरच राहिला. मुलीचे वडील चहाच्या कपात बघायला लागले. मी वहिनींकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते कुणीतरी भर दुकानात हसत हसत बोलून टाकलं होतं. सुदर्शननं कापड असं खाली टाकलं, की जणू चोरी पकडली गेली.

ही आप्पांच्या आयुष्यातली संधी होती. इतकी वर्षं आखूड माना आणि उतरते खांदे तपासले ते ह्यासाठीच. मला वाटलं, आता हा माणूस "रक्त!" म्हणून ओरडणार.

आप्पांनी डोळे उघडले. सगळीकडे एकदा बघितलं. "छ्या! माझ्यावर कशाला जातंय?" ते म्हणाले. "ही सवय दादाची हाय. खताचं पोतं, बियाणं, समदं हुंगून घेतो त्यो. मी ल्हानपणी त्याच्याजवळच शिकलो, आन पोरगं बी त्याच्याजवळच शिकलं. वैरागचं वळण हाय ह्ये, आत्याबाई."

दादा खडबडून जागे झाले. "मी? मी कवा हुंगलं?"

वहिनींनी दादांकडे बघितलं नाही, आप्पांकडेही नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी शाळंत शिकवता. असल्या सवयी रक्तातनं येत्यात का वळणातनं?"

बोलता बोलता त्या मांडीवरच्या शालूची घडी घालत होत्या, मोडत होत्या. खरं उत्तर मला माहीत नव्हतं, आजही नाही. बियाणं हुंगणाऱ्याच्या घरात वाढलेला मुलगा कापडही हुंगेल, आणि शिंप्याचा मुलगा न शिकवताही हुंगेल. कदाचित आप्पा खरंच दादांकडून शिकले असतील आणि दादा विसरले असतील. ह्यातलं काय धरायचं? पण त्या वेळी मला "दोन्ही" म्हणता येईना.

"वळणातनं, वहिनी," मी म्हणालो. "अशा सवयी वळणातनंच येतात."

तेवढ्यात दादांनी हात पुढे केला. ताग्याचा कोपरा ओढून घेतला, कसाबसा चुरगळला, जोरात नाकाशी धरला आणि शिंकले. "खळ लई हाय," ते म्हणाले. दादांना कापडातलं काही कळत नाही. पण सुदर्शन हसला, मग वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, आत्याबाई "अस्सं होय!" म्हणाल्या आणि शालूवाल्याचा हात खाली आला.

बस्ता बांधून झाला. मंडळी जेवायला आप्पांच्या घरी जायला जीपमध्ये बसत होती. मी स्कूटर काढत होतो, तर आप्पा मागून आले आणि त्यांनी माझा दंड धरला.

"सर, तुमी बघितलं न्हवं?"

"काय?"

"पोरानं हुंगलं त्ये. मी शिकवलं न्हवतं. देवाशपथ कवाच शिकवलं न्हवतं."

"बघितलं, आप्पा."

"डोळं मिटल्यालं बी बघितलं?"

"समोरच तर बसलो होतो. तेही बघितलं."

आप्पांनी मान हलवली. दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मधोमध उभं राहून ते रडले, आणि मला हसावं का रडावं ते कळेना, म्हणून मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जीपमधून वहिनींनी हाक मारली, "भावजी, चला की." आप्पांनी घाईघाईनं बाहीनं तोंड पुसलं.

"मंग बास," ते मला म्हणाले. "एकानं बघितलं, बास झालं. पर वैनीम्होरं बोलू नका." आणि जीपकडे पळाले.