माझ्या मागे कोण होतं?

माझ्या पोटातलं कधी ओठांवर येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! म्हणून तर भाचीच्या बुद्धिबळ स्पर्धेला ताईने मला धाडलं. "हा डाव जिंकली की संघात निवड. वर्षभर खपलीय पोर. तू फक्त गप्प उभा राहा!"

"ताई, खांबसुद्धा माझ्यापेक्षा बोलका वाटेल!"

भाची प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीकडे पाठ करून बसली होती. दोरीमागे मी. तिच्यासमोर फिकट चेहऱ्याची, लांब वेणीची एक मुलगी. सभागृहात नुसती घड्याळांची टिकटिक. वरची ट्यूब मध्येच विझायची, पुन्हा पेटायची.

भाचीचा डाव झकास जमला होता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की ती मुलगी पटाकडे बघतच नाहीये!

ती भाचीच्या खांद्यावरून माझ्या दिशेने बघत होती. पापणीही न लववता. हात मात्र पटावर तरंगत होता. सोंगटीला हात लागला की तीच चालवावी लागते, म्हणून कशालाच न शिवता तो नुसता फिरत होता. उंटावर थांबला. 'चालव बाई, उंटच चालव, फसलीस!' मी मनात म्हटलं. हात पुढे सरकला. हत्तीवर आला. 'नको, हत्ती नको!' आणि हत्तीच चालला!

पुढची चालही तशीच. त्यापुढचीही. तिला कोणीतरी सांगत होतं. माझ्या मागून!

मानेला गार वारा लागला. वळून पाहिलं, तर नुसती भिंत आणि बंद दार. मी हळूच डावीकडे सरकलो. तिचे डोळेही डावीकडे!

शेजारच्या बाईंना कुजबुजत विचारलं, "इथे तुम्हाला कोणी दिसतंय का हो?" त्या पर्स छातीशी धरून लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"शह आणि मात," मुलगी म्हणाली. माझ्याकडेच बघत!

भाचीने बाहीने डोळे पुसले. मलाही भरून आलं. त्या मुलीपाशी गेलो. "बाळ, खरं सांग. माझ्या मागे कोण होतं?"

"कोणीच नाही, काका," ती गोड हसली. "तुम्हीच होतात ना! उंटावर हात नेला की तुम्ही खुलायचात. हत्तीवर नेला की तोंड एवढंसं!"

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा भूत परवडलं असतं.

परतताना रस्ताभर चेहरा कोरा ठेवायचा सराव केला. दार ताईने उघडलं. भाची माझ्या पाठीमागे लपलेली, मी एक अक्षर बोललो नाही.

ताईने नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हरली ना? आता सांग, तू काय केलंस?"